चकत्यांना पाजलेलं तेल

शनिवारी सकाळी क्लबचा म्हातारा ग्रॅहम आमच्या दारात आला आणि माझ्या मुलाची, मधूची, तीन वर्षांची मेहनत त्याने वीस मिनिटांत नापास केली.

गाडी शंभर वर्षांची. मधूने कुठल्याशा शेतातल्या शेडमधून कोंबड्यांच्या घाणीसकट उचलून इथे टार्निटला, आमच्या घरी आणलेली. रविवारी क्लबच्या जुन्या गाड्यांची फेरी होती, आणि त्यात जायचं तर ग्रॅहमची सही हवी. त्याने गाडी गल्लीतल्या स्पीड हंपवरून नेली. ती एकदा उडाली आणि उडतच राहिली. पाच वेळा. मी मोजलं.

“शॉक ॲब्सॉर्बर गेलेत, मेट,” तो म्हणाला. “चारला परत येतो. नाही जमलं तर पुढच्या वर्षी.”

मधू गाडीखाली शिरला. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण तीन वर्षं गॅरेजच्या दारात बसून भाजी निवडली आहे; मला त्या गाडीची हाडं न् हाडं पाठ. तेव्हाच्या गाड्यांना कात्रीसारखे दोन दांडे असायचे, मध्ये चामड्याच्या चकत्या, वर एक नट. गाडी उसळली की चकत्या एकमेकींवर घासायच्या आणि तिची उसळी खाऊन टाकायच्या.

मधूने नट आवळला, मी वरून दाबून पाहिलं. गाडी उडाली. आणखी आवळला. तरी उडाली.

“मंगळवारी नीट चालत होती,” तो म्हणाला. “चार दिवसांत काय झालं?”

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्यात त्या दिवशी सुई-कात्रीसुद्धा तेलाशिवाय राहत नाही. मी बुधली घेऊन गाडीभोवती फिरले होते आणि जिथे सांधा दिसला तिथे हात सैल सोडला होता. अगं बाई, जात्याच्या खुंट्याला तेल देतात, दगडाला दिलं तर पीठ पडेल का?

“मधू, त्या चकत्या कोरड्या लागतात का रे?”

“हो. घासायला नको का?”

“काल मी त्यांना तेल पाजलंय.”

मधू गाडीखालून बाहेर आला. पण बोलली ती मागे उभी असलेली सून, नीलिमा. “आई, मी कुकरच्या रिंगेला तेल लावलं तेव्हा तीन दिवस ऐकवलं होतंत मला.”

“ऐकवलं. तूही ऐकव, पण सोमवारपासून. आधी बेसन आण. बारीक.”

नवं चामडं यायला पंधरा दिवस लागले असते. आम्ही चकत्या सुट्या केल्या, स्पिरिटने पुसल्या आणि कोमट बेसन घेऊन तिघं चोळायला बसलो, बाळाला उटणं लावतात तसं. पहिल्या खेपेला पिठाचे गोळे निघाले. दुसऱ्यालाही ओलसर. तिसऱ्या खेपेला पीठ कोरडं झडलं तेव्हा मधू हसला, सकाळपासून पहिल्यांदा. परत तेल आत जाऊ नये म्हणून त्याने तुपाच्या डब्याचा पत्रा कापून चारही सांध्यांवर टोप्या बसवल्या. मग मी पुढून वजन टाकायचं आणि त्याने नट पाव फेरा फिरवायचा, असं करत करत गाडी एकदाच खाली जाऊन गप्प बसायला लागली.

चारला ग्रॅहम आला. मी मागच्या सीटवर चढून बसले.

“आई, तू कशाला?”

“चूक माझी आहे. आपटायचं तर मीच आपटते.”

ग्रॅहमने गाडी काढली. हंप आला. मी डोळे मिटून सीट धरली. गाडी वर गेली, खाली आली आणि शांत झाली. दुसरी उसळी नाही. ग्रॅहमने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग खाली उतरून दांड्यावरची पिवळी भुकटी बोटाने पुसून वास घेतला.

“हे काय?”

“चिकपी,” मी हरभऱ्याचं इंग्रजी नाव सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण बोनेटवर कागद ठेवून त्याने सही केली.

मधू कागद घेऊन घराकडे पळाला, लहान असताना निकाल घेऊन यायचा तसा. मी काही उतरले नाही.

“ग्रॅहम,” मी म्हटलं, “वन मोर.”

त्याने गाडी परत हंपाकडे वळवली.