मेजरची पाटी

"न्को-न्को! बाबा वेलापी! गोगो!" बोनिसीवेने फाटकावरून तोंडानेच टकटक करत हाळी दिली. दक्षिण आफ्रिकेतल्या इम्बाली वस्तीत हाळीला ओ आल्याशिवाय कुणी कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही. टाकलंच तर तो चोर. त्यात या फाटकाला पाटी होती: कुत्र्यापासून सावधान. कुत्रा म्हणजे मेजर, वेलापीचा पिटबुल. मेला भुंकायचाही नाही. घरामागून गुपचूप यायचा तो थेट अंगावर. मार्चमध्ये त्याने बोनिसीवेची औषधांची पिशवी फाडली होती.

मादोंडा गोगो, म्हणजे सगळ्यांच्या आजीच, वेलापीच्या परसातल्या भाड्याच्या खोलीत राहायच्या. त्यांना क्षय झाला होता. एकदा विसरून त्यांनी दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेतल्या, तेव्हापासून दवाखान्याने बोनिसीवेला नेमलं: रोज जायचं आणि डोळ्यांदेखत गोळ्या गिळायला लावायच्या. पाच महिने झाले होते, एकच उरला होता. पण मेजरपायी आधीच इतके खाडे पडले होते, की डॉक्टरांनी बजावलं होतं, आता सलग पाच दिवस चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. गोगोंचं वजन एकोणचाळीस किलो. पहिल्यापासून सगळं त्यांना झेपणार नव्हतं.

बोनिसीवे चौकीत जाऊन आली होती. "चावला का?" "नाही." "मग चावल्यावर या." नगरसेवक म्हणाला, दोष कुत्र्याचा नसतो, मालकाचा असतो. बरं बाबा, मग मालकाला बांधा! तेही कुणी करेना.

मग पलीकडच्या गल्लीत एका पिटबुलने लहान मुलीचा दंड फोडला, आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. ठरलं, की सगळे पिटबुल जनावरं पकडून नेणाऱ्या गाडीत द्यायचे, नाही तर लोक बघून घेतील. पहिला हात बोनिसीवेचा वर गेला. घरी वासराएवढे बुरबुल पाळणाऱ्यांनीही खुशाल हात वर केले, कारण त्यांचे कुत्रे पिटबुल नव्हते.

मिनीबस टॅक्सी चालवणारा वेलापी ताडकन उठला. "मेजरला न्यायचं तर माझ्या हातून हिसकावून न्या! चोरांनी गोगोंचं दार उचकटलं तेव्हा तुमची सभा कुठे झोपली होती? आणि बोनिसीवे सिसी, तुझ्यासाठी निघताना त्याला बांधून जात होतो ना मी? जमेल तेव्हा तरी? आता बघ, बांधतो का ते!"

सोमवारपासून बोनिसीवे फाटकापाशी घसा फोडत होती. आतून ओ नाही. गोगोंना दारापुढे चालवत नव्हतं आणि त्यांचा आवाज फाटकापर्यंत पोचत नव्हता. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "मोकळाच असेल गं, तो वेलापी महाहट्टी!" बुधवारी वेलापीने एकदाचा फोन उचलला.

"बाबा, हात जोडते, कुत्रा—"

"आहे ना! मोकळाच आहे!" तो टॅक्सीत ओरडला. "आत जाईल त्याचे लचके तोडील!" आणि फोन बंद.

तिला इतका संताप आला, की ती तिथेच रस्त्यावर रडली. गुरुवार गेला. शुक्रवारी तिने फाटकाच्या कडीला हात घातला, परसाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. गोळ्यांच्या तक्त्यावर पाचवा चौकोन कोरा राहिला.

शनिवारी वेलापी घरी होता. त्याने मुकाट्याने फाटक उघडलं. परसात साखळी पडली होती, नुसतीच.

"मेजर?"

"हळू बोल. सोमवारी पहाटेच गुपचूप त्या गाडीत दिला. लोक टॅक्सी जाळायला निघाले होते."

"मग बुधवारी फोनवर..."

"गाडीत चौदा माणसं होती, सिसी! कुत्रा नाही म्हणून त्यांच्यासमोर सांगू? त्याच रात्री चोर आले असते. मला वाटलं, तू पलीकडून कुठून तरी जात असशील."

पाच दिवस बोनिसीवे नुसत्या साखळीला भीत होती. तिला वेलापीची चीड आली, सभेची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या वर गेलेल्या हाताची.

गोगो दाराशी खुर्चीवर होत्या. शेजारी पाण्याचा पेला झाकून ठेवलेला. ओठाला रुमाल, रुमालावर लाल डाग.

"रोज भरून ठेवत होते," त्या म्हणाल्या. "तुझी हाक यायची. वाटायचं, आता येशील. मग वाटलं, म्हातारीला कंटाळलं माझं लेकरू."

बोनिसीवे तरातरा फाटकाशी गेली आणि तारेसकट पाटी उपटून आत घेऊन आली. खोकल्याची उबळ आली, मग गोगोंचा आवाज.

"लाव ती परत."

"गोगो, हिच्यामुळेच तुमच्या—"

"माझ्या दाराला कडी नाही, लेकरा. मला रात्री झोप लागते ती तिच्या भरवशावर."

वेलापीने मान खाली घातली. बोनिसीवेने पाटी पुन्हा फाटकाला टेकवली आणि तार घट्ट पिळली. मग हात धुतले, पेल्यातलं पाणी बदललं आणि गोगोंच्या तळहातावर पहिल्या दिवसाच्या गोळ्या ठेवल्या.