करंगळीखालचं बटण

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक. कॉम्प्युटरच्या खेळातलं विमान उडवायचा दांडाच म्हणा. पण आभाळात मी कधी गेले नाही. माझं सगळं आयुष्य दिग्रसच्या बाजारात, सलीलच्या सायबर कॅफेत गेलं.

कारखान्यात माझ्या अंगावर बटणं बसवली, त्यातलं एक खाली, करंगळीसाठी. सुरुवातीला माझ्यासाठी पोरं भांडायची. मग कापसाचे वाईट दिवस आले, गिऱ्हाईक आटलं आणि माझ्यावर धूळ साचली.

जमीर हा सलीलचा शाळेपासूनचा दोस्त, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातला मेकॅनिक. मशीनच्या पट्ट्यात त्याचा हात सापडला. जखम भरली, पण करंगळी ताठच राहिली. पुढे जिनिंगही बंद पडली. जमीर घराबाहेर पडेना. शेवटी सलीलनं त्याला ओढत आणून माझ्यापुढे बसवलं.

खेळात जखमी सैनिकांना नेणारं आपलं विमान वाचवायचं होतं. जमीरचं क्षेपणास्त्र मात्र दरवेळी त्याच विमानावर जायचं.

"अबे, आपलंच विमान काहून पाडून राह्यला?" सलील हसला.

"म्या तं दुश्मनावरच नेम धरलता!"

"हा मोड इंजिनाची गरमी पाहते. जे गरम दिसलं त्याच्यामागं जाते, आपलं-परकं त्याले समजत नाही. रडारचा मोड घे. पहिले दुश्मन निवड, त्याच्याभोवती चौकोन आला का मगच सोड."

"त्याचं बटण कुठी हाय?"

"करंगळीखाली."

जमीरनं हात मांडीखाली लपवला. सलीलनं ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ते अंगठ्यावर घेता येते. घेऊ?"

"नाही. राहू दे तिथंच."

तो रोज येऊ लागला. करंगळी माझ्यावर टेकायची, घसरायची. दुखलं की त्याची पकड घट्ट व्हायची. आमचं विमान रोज पडायचं आणि सलील शेजारी बसून राहायचा.

एका दुपारी 'टक्' झालं. रडार उघडलं, दुश्मनाभोवती चौकोन बसला, क्षेपणास्त्र सुटलं. जखमींचं विमान सुखरूप उतरलं. सलीलनं पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यानं जमीरची करंगळी हातात धरली.

"वाकली बे!" तो म्हणाला, आणि दोघंही रडू लागले.

पुढे जमीरनं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. मोबाइल आले आणि कॅफे बंद झाला. आता मी सलीलच्या कपाटात आहे.

मित्रांनो, खेळात हरलात म्हणून माझ्यासारखीला आपटू नका. आमच्या अंगावर कुणाचं तरी बोट पुन्हा वाकायला शिकत असतं.