एक खाच खाली

आमचे हे मैदानावर ओरडतात, त्याची ख्याती पलीकडच्या चौकापर्यंत होती. तिथला इस्त्रीवाला मला एकदा म्हणाला, "वहिनी, सरांमुळे मला घड्याळ लागत नाही. पहिली आरोळी ऐकू आली की मी दुकान उघडतो." हे मुलांना हर्डल्स शिकवतात, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. मी त्याच मैदानाच्या पायऱ्यांखालच्या खोलीत बसते, मुरगळलेले घोटे बघते, बर्फ लावते, पट्ट्या बांधते. दारावर फिजिओथेरपिस्ट असं लिहिलंय, पण मुलं मला काकूच म्हणतात. यांना सर. घरी मी यांना काय म्हणते ते घरात राहू दे.

ओरडणं म्हणजे शिवीगाळ नव्हे. हात तर यांनी कधीच उगारला नाही. पण जिभेला हाड नाही. "मागचा पाय आणतेस की रुसलेलं गाढव ओढतेस?" "अरे, हर्डल ओलांडायचाय, त्याला मिठी नाही मारायची!" नवे पालक हबकायचे. मुलं मात्र दोन दिवसांत शहाणी होत. ज्याच्यात काही दिसतं त्याच्याचवर सर घसा फोडतात, बाकीच्यांची नुसत्या "छान, छान"वर बोळवण होते, हे त्यांना बरोबर कळायचं. एक गोलमटोल मुलगा होता, सगळे त्याला ढब्बू म्हणत. तो एकदा माझ्या खोलीत येऊन मुसमुसायला लागला. मला वाटलं, पाय मोडून घेतला. तर म्हणतो कसा, "काकू, सर माझ्यावर ओरडतच नाहीत." हसून हसून माझी पुरेवाट झाली.

सगळ्यात जास्त बोलणी खायची ती नाकतोडा. हे नाव यांनीच ठेवलेलं. चौदा-पंधराची पोर, अंगात होती नव्हती ती सगळी उंची पायांत गेलेली. हर्डलवरून जाताना ती अशी सुटायची की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. फक्त मागचा पाय आळशी होता, आणि त्या पायापायी यांचा घसा कायम बसलेला असे.

तिचे वडील वायरमन होते. रोज पहाटे तिला मोटारसायकलवर घेऊन यायचे, अवजारांची पिशवी पायाशी ठेवून पायऱ्यांवर बसायचे आणि सरांची वाक्यं गोळा करायचे. खरंच सांगते. लेकीला बोलणी बसली की दुसरा बाप भांडायला आला असता. हे गृहस्थ मांडीवर थाप मारून असे खदाखदा हसायचे की तिला धावता धावता ऐकू जायचं. मग घरी जेवताना यांची नक्कल. "ए नाकतोड्या, हात उचल, ताट पुढे आहे!" पट्टी बांधून घेताना ती मला हे सगळं साभिनय करून दाखवायची आणि आम्ही दोघी दार लावून हसायचो. एकदा वायरमननी यांच्या तोंडावरच नक्कल केली. यांनी अगदी गंभीरपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बरी आहे. आवाज अजून पोटातून काढा."

आणि मग वायरमन गेले. कामावर शिडीवर असतानाच छातीत कळ आली, खाली उतरवेपर्यंत सगळं संपलं होतं. बोलता चालता माणूस. हे त्यांच्या घरी जाऊन आले आणि चपलासुद्धा न काढता तसेच खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "पोर रडत नाहीये गं. आलेल्या सगळ्यांना पाणी देत फिरतेय."

त्याआधी काही महिने मैदानावर एक बाई व्याख्यान देऊन गेल्या होत्या, खेळणाऱ्या मुलांच्या मनाबद्दल. मुलं धाकाने खेळली की एक दिवस खेळच सोडतात, त्यांच्याशी हळुवार बोला, त्यांचं ऐकून घ्या, असं सांगत होत्या. खोटं काही नव्हतं त्यात. कितीतरी मुलांचं तसल्या धाकाने वाटोळं झालेलं मी माझ्या खोलीत बघितलंय. हे पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. त्या संध्याकाळी माझं दूध उतू गेलं, तर जवळ येऊन मला विचारतात, "तुला आत्ता आतून काय वाटतंय?" मी म्हटलं, "ओटा पुसून घ्यावासा वाटतोय. तुमच्याकडून." तेव्हा ती थट्टा होती. पण नाकतोडा परत येणार असं कळलं, तेव्हा यांना ते व्याख्यान शब्दन् शब्द आठवलं.

त्या सकाळी हे माझ्या कितीतरी आधी मैदानावर गेले. मी पोचले तेव्हा तिच्या रांगेतल्या हर्डलांच्या खिट्ट्या दाबून एकेक हर्डल एक खाच खाली उतरवत होते.

"इतके दिवस पाय उचलले नाहीयेत तिने," मला म्हणाले. "आल्या आल्या धडपडली तर कोलमडेल गं ती."

मला भरून आलं. वरून फणस असलेला हा माणूस माझा नवरा आहे, याचा त्या वेळी मला फार अभिमान वाटला.

ती बसने आली. एकटीच. मुलं एकदम गप्प झाली आणि बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागली. हे पुढे गेले आणि मी जन्मात ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "आलीस? बरं झालं हं. दमलीस तर बस." तिने मान हलवली. अंग गरम केलं, रेषेवर उभी राहिली आणि सुटली. पहिले काही हर्डल तिने सहज मागे टाकले. पुढच्या हर्डलला मागचा पाय असा काही लागला की तो धाडकन आडवा झाला.

सगळं मैदान थांबलं. आता भडिमार होणार म्हणून ढब्बूने तर कानही झाकले. हे तिच्याजवळ चालत गेले, हर्डल उभा केला आणि म्हणाले, "असू दे. होतं असं."

ती हर्डलशी उभी राहिली. वरच्या पट्टीवर हात ठेवला आणि ती आपल्या कमरेला कुठे लागते ते बघितलं. तिला कळलं, ते मला माझ्या दारातून दिसलं. मग तिने मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं, कुणाची तरी पाण्याची बाटली तेवढी होती.

त्यानंतर ती काही दिवस आली. वेळेवर यायची, सांगितलेलं सगळं करायची. निवड चाचणी जवळ आली होती. वर्षभर हे ज्या चाचणीसाठी जिवाचं रान करत होते, तिच्याबद्दल आता तिला म्हणाले, "यंदा नाही धावलीस तरी चालेल हं." ती म्हणाली, "बरं सर." आणि यायची बंद झाली.

"येऊ दे तिच्या कलाने," हे म्हणायचे. रोज फाटकाकडे बघायचे, आणि रोज हेच म्हणायचे.

शेवटी ढब्बूनेच तोंड उघडलं. माझ्या खोलीत बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसला होता. म्हणाला, "ती कशाला येईल, काकू? सरांनी सोडलं ना तिला."

"काय बरळतोस?"

"ओरडतच नव्हते ना तिच्यावर. माझ्यासारखीच झाली की ती."

माझ्या हातातली पट्टी हातातच राहिली. घरी येऊन मी यांना ते जसंच्या तसं सांगितलं. आधी रागावले, मग म्हणाले, "मी सोडलं? तिला?" आणि तिथेच मटकन बसले. शेवटी मीच म्हटलं, "नुसते बसू नका. चला, जाऊन तिच्यावर ओरडून या."

वाटेत स्कूटरवर हे हेल्मेटच्या आत सराव करत होते. सिग्नलला उभे असताना अचानक "मागचा पाय!" म्हणून गरजले, तर शेजारचा मोटारसायकलवाला दचकून स्वतःचा पाय बघायला लागला. मी मागे बसून हसले. मला अगदी खात्री वाटत होती की आता सगळं ठीक होणार.

दार तिच्या आईने उघडलं. "या," इतकंच, तेही कुजबुजल्यासारखं. दाराशेजारच्या खुंटीला वायरमनची पिशवी होती तशीच लटकत होती, टेस्टर बाहेर डोकावत होता. टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज बंद होता. एक मामा सतरंजीवर बसले होते, ते आम्हाला पाहून हळूच उठले आणि हळूच आत गेले. त्या घरात भांडंसुद्धा जपून ठेवत होते.

ती बाहेर आली. वडिलांचा शर्ट घातला होता, बाह्या दुमडून. यांनी तो शर्ट बघितला आणि सगळा सराव पाण्यात गेला.

"कशी आहेस बाळा?" म्हणाले. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"बरी आहे, सर."

"तुला वाटलं तर ये. नाही वाटलं तर नको. जबरदस्ती नाही."

"हो सर."

मला राहवेना. "अगं, तो ढब्बू म्हणतो सरांनी तुला सोडलं. वेडा आहे तो. यांनी तुला जपलं गं. ते हर्डल खाली केले ना, ते..."

"माहितीय, काकू," ती म्हणाली. "मला लगेच कळलं ते. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

तिने आईकडे बघितलं, मग दुमडलेल्या बाहीकडे.

"घरात सगळे हळू बोलतात. मामा, आई, शेजारच्या काकू. शाळेत बाईसुद्धा. मला वाटलं, मैदानावर तरी सर ओरडतील." मग म्हणाली, "सर, तो हर्डल मी मुद्दाम पाडला होता."

हे सतरंजीवर खाली बसले.

"तुम्ही ओरडला असतात ना, तर मी मागे बघितलंच नसतं. न बघता मला वाटलं असतं की बाबा हसतायत. तुम्ही म्हणालात, असू दे. मग मी बघितलं." तिचा आवाज अजिबात कापत नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "बाबा खरंच गेले, ते मला तेव्हा कळलं."

तिच्या आईने पदर तोंडाला लावला. मी यांच्याकडे बघू शकले नाही.

"आता ओरडा ना, सर," ती म्हणाली. "एकदाच. काहीही बोला. मागच्या पायाचं बोला."

हे उठून उभे राहिले. मैदानावर राहतात तसे, पाय रोवून. छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं, आता सगळी इमारत हादरेल. तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. मान खाली गेली, खांदे हलायला लागले, आणि एवढा चौक दणाणून सोडणारा माणूस त्या छोट्या खोलीत उभ्या उभ्या, आवाज न करता रडला.

ती त्यांच्याकडे बघत होती. मग आत गेली, पेल्यात पाणी घेऊन आली. त्यांच्या हातात पेला दिला, तो सांडू नये म्हणून खालून स्वतःचा हात धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "असू दे सर. होतं असं."

खाली आल्यावर यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि निमूट मागे बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन तिच्या रांगेतले सगळे हर्डल पुन्हा एक खाच वर करून आले. ती आली नाही. चाचणी झाली, पुढचं वर्ष लागलं, ती रांग आता दुसरी मुलं वापरतात. हे शिकवतात, चुका दाखवतात, "छान" म्हणतात. इस्त्रीवाल्याने परवा घड्याळ घेतलं.