काठी तीन बोटं आखूड

"आखूड! तीन बोटं आखूड भरली!"

गावच्या मांत्रिकाने, पावांग देराहमानने, दोरीची गाठ वर धरून दाखवली, तसा साठ-सत्तर माणसांचा घोळका एकदम मागे सरकला. बायकांनी डोक्यावरचे रुमाल तोंडाशी नेले. कुणीतरी "अस्तगफिरुल्ला" म्हणालं. एका म्हाताऱ्याने तर पायाखाली साप आल्यासारखी जागा बदलली. अन् का बदलू नये? जमिनीत रोवलेली काठी एका रात्रीत आखूड झाली होती आणि ते सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ही जमीन गरम आहे," पावांग डोळे मिटून म्हणाला. "खाली बसलाय तो भुकेला आहे. आज काठी खाल्लीन्, उद्या माणूस खाईल."

रोकिया जागच्या जागी उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त पार उतरलं होतं. एकोणीस वर्षं तिने पिनांगला मासळीच्या कारखान्यात काढली, बोटांची कातडी सोलवटून घेतली, नि तेवढ्यातून हा तुकडा घेतला. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी भावाच्या घरात एका खोलीत. भावजय रोज भाताच्या पातेल्याचं झाकण आपटून सांगायची की पुरे झालं आता. त्या बाईला स्वतःचं दार हवं होतं, बस्स.

मी लेमान, सुतार. तिचं घर मीच बांधणार होतो, खांब तासून तयार होते. आमच्या पादांग नेनास गावात जमीन घेतली की आधी काठी रोवतात. घरच्या बाईने दोन्ही हात पसरायचे, त्या वावेएवढी काठी तोडायची, सांजेला पावांगने ती दोरीने मोजून जमिनीच्या मधोमध ठोकायची आणि सकाळी उपटून त्याच दोरीने पुन्हा मोजायची. काठी वाढली तर जमीन थंड, घर भरभराटीचं. घटली तर जमीन गरम. गरम जमिनीवर खांब उभा करायला गावातलं कुत्रंही येत नाही, आणि आमच्याकडे मधला खांब उभा करायला वीस हात लागतात.

"तोक पावांग, आजोबा," रोकिया कशीबशी म्हणाली, "मी परत हात पसरते ना. काठी माझ्याच मापाची आहे."

तिने हात पसरले. काठी बरोबर बोटांच्या टोकांना टेकली. लोक कुजबुजले. पावांग मात्र कनवाळूपणे हसला. त्याचं ते हसू बघितलं की माझं डोकं फिरतं.

"पोरी, भीतीने तुझे हात आखडले. माणसाचं अंग खोटं बोलतं. दोरी खोटं बोलत नाही. या दोरीला सात पिढ्यांचा मंत्र आहे!"

मंत्र! दोरी साधी सुती, सात पदरी, घट्ट पिळाची. सात पिढ्यांचं म्हणाल तर तिच्यातले दोन पदर मागच्याच ईदला बाजारातून आणताना मी बघितले होते.

आता माझं ऐका. मी मुळात संशयी माणूस. तीस वर्षं रंधा मारतोय. लाकूड जाडीला आकसतं, फुगतं, वाकतं, पण लांबीला ते एका रात्रीत तीन बोटं आटत नाही. हे मला पहिल्या काठीपासून ठाऊक होतं. पावांगने माझ्यासमोर मोजलेली ही नववी काठी होती. मग मी तोंड का उघडलं नाही? कारण कामं पावांगच्या शब्दावर मिळतात. सुतार कोण बोलवायचा हे तोच सांगतो. लाज वाटते, पण खरं ते खरं.

आणखी एक गोष्ट खटकत होती. नवांपैकी सात जमिनी गरम निघाल्या, आणि सातांपैकी पाच पावांगच्या जावयाने, लातिफने, पडत्या भावात घेतल्या. त्याने घेतली की जमीन थंड! म्हाताऱ्या पाक हुसीनची रस्त्याकडेची जागा अशीच गेली. आता तिथे लातिफचं सिमेंटचं घर आहे, आणि पाक हुसीन पोराच्या गॅरेजच्या मागे पत्र्याखाली झोपतो.

दुपारी लातिफ रोकियाच्या भावाकडे आलाच. बरोबर केळ्यांचा घड, तोंडावर सुतक. "रोकियाताई, तुम्हाला त्रास नको म्हणून घेतो म्हणतोय मी. मी काय, झेलेन जे व्हायचं ते." भावजयीने त्याला कॉफीत दोन चमचे साखर जास्त घातली.

तो गेल्यावर रोकिया माझ्या कारखान्यात आली. मला वाटलं, खांबांचे पैसे परत मागायला आली. तिच्या हातात कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा होता.

"बांग लेमान, दादा, एक विचारते, हसू नका. आमच्या दारची दोरी पावसात ताणल्यासारखी ताठ होते. ऊन पडलं की झोळ पडतो, कपडे मातीला लागतात. मी रोज तिच्याशी भांडते. असं का होतं हो?"

"सुती पीळ भिजला की फुगतो. फुगला की दोरी आखूड होते. नावाडी पावसात दोर सैल करतात ते उगीच नाही..."

बोलता बोलता मी तिच्या हातातला तुकडा ओढून घेतला. काल सांजेला पावांगने काय केलं होतं? दोरी लिंबाच्या पाण्यात बुडवली, "शुद्ध" केली, आणि ओलीच काठीला लावून गाठ मारली. मग रात्रभर स्वतःच्या घरी उदाच्या धुरावर टांगली. सकाळी ती कडकडीत वाळलेली होती.

"काठी नाही घटली," रोकिया म्हणाली. "दोरी वाढली."

मी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षांचा सुतार मी! नऊ वेळा काठीकडे डोळे फाडून बघितलं, आणि दोरीकडे एकदाही नाही. माप चुकू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मग उद्या सगळ्यांसमोर सांगायचं?" मी विचारलं.

"सांगून कोण ऐकतंय? ते म्हणतील, बाई जमिनीसाठी तोंड चालवते. दाखवायला पाहिजे. पण मला भीती वाटते. फसलं तर माझी मुलगी जन्मभर त्या खोलीत राहील."

रिवाजाप्रमाणे मालकिणीला काठी दुसऱ्यांदा रोवायचा हक्क असतो. तो सहसा कुणी मागत नाही, कारण पहिल्या निकालानेच माणसाची हवा निघते. रोकियाने मागितला. पावांगला हरकत कसली? मोबदल्यात त्याला पुन्हा पिवळा भात, पुन्हा कोंबडा मिळणार.

सांजेला तोच खेळ झाला. परात, लिंबं, पुटपुटणं, ओली दोरी, गाठ. मी मात्र खिशातून लोखंडी टेप काढला आणि सगळ्यांदेखत काठी मोजली. एक मीटर त्रेपन्न. काठीवर विळ्याने माझी खूणही केली.

"हे काय, लेमान?" पावांगचा आवाज चढला.

"काही नाही, तोक. सुताराची खोड." मी टेप परत खिशात टाकला.

सकाळी आदल्या दिवसाच्या दुप्पट माणसं. पावांगने वाळकी दोरी लावली. "तीन बोटं आखूड! दुसऱ्यांदा! आता तरी ऐक, पोरी!"

मी टेप लावला. "एक मीटर त्रेपन्न. काल तेवढी, आज तेवढीच."

गलका झाला. "लोखंडाला जिन्नाचं काय कळतंय!" पावांग ओरडला, आणि लोक मान डोलवायला लागले. बघा! डोळ्यांसमोर आकडा असून मान डोलवायला लागले! 

तेव्हा रोकिया लिंबाच्या पाण्याची परात घेऊन पुढे आली.

"तोक, माझी एक शंका आहे. काल दोरी लिंबाच्या पाण्यात शुद्ध करून मोजलंत. आज तशीच लावलीत. अशुद्ध दोरीने जमिनीचा निकाल कसा द्यायचा?"

"सकाळी शुद्ध करायची नसते."

"नसते कशी?" मागून आवाज आला. पाक हुसीन होता. "लातिफने माझी जागा घेतली तेव्हा सांजेला कोरडी लावलीत, आणि सकाळी गुलाबपाण्यात बुडवलीत. मी कुंपणाबाहेर उभा होतो, बघितलंय मी. काठी दोन बोटं वाढली होती."

"म्हाताऱ्या, तुला चळ लागलाय! दोरीला हात लावशील तर हात झडेल!"

पाक हुसीन हसला. "झडू दे. तुम्ही ठेवलंय काय माझ्याकडे?" आणि त्याने दोरी पावांगच्या हातातून काढून परातीत टाकली.

 पावांग "आकाश फाटेल" म्हणाला. आकाश फाटलं नाही. पाक हुसीनने दोरी उचलली, पाणी निथळू दिलं आणि काठीला लावली. गाठ थेट टोकावर आली. ना बोटभर इकडे, ना तिकडे.

"काय हो तोक," रोकिया म्हणाली, आणि आता तिचा आवाज कापत नव्हता, "माझी जमीन एवढ्यात निवली?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळे. मी मोठ्याने सांगितलं: सुती पीळ भिजला की आखूड, वाळला की लांब. ज्याची जमीन हवी त्याची दोरी सांजेला ओली, आपल्या जावयाची दोरी सकाळी ओली. यात जिन्न नाही, मंत्र नाही, लिंबाचं पाणी आहे. हवं तर घरी जाऊन आपापली कपड्यांची दोरी बघा.

लातिफ कधी सटकला ते कळलं नाही. पावांग परात तिथेच टाकून गेला.

पाक हुसीन तेवढा हसत नव्हता. ओली दोरी हातात धरून तो तिच्याकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला. "लेमान, तू सुतार. तुला लाकूड कळतं. माझ्या वेळी तू तिथे होतास ना?"

मी होतो.  "होतो," म्हणालो, आणि मान खाली घातली. अजूनही तो समोर आला की घालतो. त्याने लातिफविरुद्ध तक्रार केली आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

रोकियाचा मधला खांब त्याच आठवड्यात उभा राहिला. वीस हात हवे होते, चाळीस आले, आणि सगळ्यात पुढे पाक हुसीन. झडणारा हात खांबाला लावून तो जोर करत होता. ती सात पिढ्यांची दोरी रोकियाने अंगणात बांधली आहे. तिच्यावर मुलीचे शाळेचे कपडे वाळतात. पावसात ताठ, उन्हात झोळ.

तुम्हीही कधी जमीन घ्याल, घर बांधाल. कुणीतरी माप घेऊन दारात येईल आणि तुमच्यात, तुमच्या जागेत काहीतरी कमी भरलंय म्हणून सांगेल. त्याला बसवा, चहा द्या. पण हात जोडण्याआधी त्याचं माप मागून घ्या, आणि आधी ते मोजा. मी नऊ काठ्यांनंतर शिकलो. तुम्ही पहिल्याच काठीला विचारा.