पैलवानाच्या जागी

"न्हाय म्हंजे न्हाय! गेल्या साली सुई टोचलासा आणि दिसभर कुत्रं आडवं पडलं. घरात चांदी पसरलीया, राखण कोण करायची?"

जोतीरामने उंबऱ्यावरच आडवा हात लावला. हुपरीत घरोघरी पैंजण घडतात, आणि त्याच्या दारातलं पैलवान नावाचं तांबडं कुत्रं म्हणजे अख्ख्या गल्लीची तिजोरी. त्याने नकार दिला म्हणजे गल्लीने दिला. सुईने कुत्रं थंड पडतं ही वार्ताही त्यानेच वर्षभर पसरवली होती.

जनावरांच्या दवाखान्यातला आकाराम परिचर घाम पुसत उभा राहिला. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. हे त्याचं शेवटचं लसीकरण शिबिर. शाळेच्या पटांगणात डॉक्टर स्वप्नाली मॅडम बर्फाच्या डब्यात लस घेऊन सकाळपासून बसल्या होत्या आणि दहा वाजले तरी एक शेपूट दिसलं नव्हतं.

"पावणं, एखादं सुस्तावतंय, खरं हाय. दुसऱ्या दिशी उठतंय की. पर सुई साल-दर-साल लागतीया. एकदा पिसाळलं की मग औषध न्हाय. कुत्र्याला न्हाय, ज्याला चावलं त्यानं वेळंत सुई न्हाय घेतली तर त्यालाबी न्हाय."

"आमचं घरातलं हाय. ते कशाला पिसाळतंय?"

तेवढ्यात आतून जोतीरामची सहा वर्षांची नात अनुजा धावत आली आणि पैलवानाच्या गळ्यात पडली. आकारामचा आवाज एकदम खाली आला.

"आमचंबी घरातलंच हुतं. पिल्लू. घरामागच्या परड्यात त्याला कवा बाहेरचं कुत्रं चावलं, कुणी बघितलं न्हाय. खेळता खेळता माज्या भणीच्या बोटाला त्याचा दात लागला. आईनं हळद लावली. महिन्यानं भण पाण्याचा तांब्या बघून किंचाळाय लागली. आठ वर्सांची हुती."

जोतीरामचा हात चौकटीवरून हळूच खाली आला. पण माघार घेईल तो जोतीराम कसला?

"ते समदं खरं. राखणीचं काय?"

"मी बसतो की! शिबिर आटपलं की दिवस बुडूस्तवर तुमच्या दारात. पैलवानाच्या जागी."

 जोतीराम असा खदाखदा हसला की शेजारचे हातोडे थांबले. "आरं, चला रं! सरकारी कुत्रं मिळालंय राखणीला!"

आणि काय सांगावं, गल्लीच्या गल्ली लोटली! पैलवान पुढे, मागे साखळ्या, सुतळ्या, ओढण्या बांधलेली कुत्री. मेहरुन्निसाभाभी भाजीच्या पिशवीत मांजर घालून आल्या. मांजराने पिशवी फाडली, कुत्र्यांनी पटांगण डोक्यावर घेतलं, मॅडम ओरडत होत्या, "आकाराम, तोंड धरा त्याचं!" आकाराम एकाला मांडीत, दुसऱ्याला काखेत दाबत होता. धोतरभर धूळ, हातभर ओरखडे, आणि चेहरा नवरदेवाचा. एक वाजता डबा रिकामा झाला. मॅडमनी दवाखान्यातून दुसरा मागवला. आकारामच्या तीस वर्षांच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं.

दुपारी तीनला तो तोंड धुऊन बोलल्याप्रमाणे जोतीरामच्या उंबऱ्यावर येऊन बसला. पैलवान सुस्तावून त्याच्या पायावर डोकं ठेवून पडला होता.

"आकाराम, भुंका की जरा!" येणारे-जाणारे चिडवत होते. तोही दोनदा भुंकला. आतल्या कारागिरांची हसून पुरेवाट झाली.

उन्हं कलली तशी अनुजा येऊन शेजारी बसली. हातात एकच बिस्किट. तिने त्याचे नीट तीन तुकडे केले. एक पैलवानापुढे ठेवला, एक आपल्या तोंडात टाकला आणि तिसरा आकारामपुढे धरला. "राखणदाराला."

त्याची बहीणही गुळाच्या खड्याचे असेच तीन वाटे करायची. एक पिल्लाला, एक स्वतःला, एक त्याला. आकारामने तुकडा घेतला आणि सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला.

गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी चाहूल लागली. पैलवानाने जड डोळा उघडला, मान उचलून गुरगुरला. आकारामने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"झोप तू," तो म्हणाला. "मी हाय की."