पारावरचा दगड

कट्.

अडकित्त्याचा आवाज झाला आणि दुपारची सामसूम मोडली. धाकट्याला नुकतंच झोपवलं होतं. मी तशीच, त्याच्या पाठीवर हात ठेवून, कान देऊन बसले. आमच्या अत्ते, म्हणजे सासूबाई, मुनितायम्मा, लांबलचक काही सांगायचं असलं की आधी सुपारी कातरतात. माझ्यासाठी त्यांनी सुपारी कधी कातरली होती, ते मला आठवेना.

ओसरीवर अनुपमा मॅडम बसल्या होत्या. तळ्याकाठच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहायच्या, शिमोग्याकडच्या. बोलायला गोड, मांडी घालून जमिनीवर बसायच्या. त्यांच्या सोसायटीला आमच्या गावाचा, होन्नसंद्र्याचा इतिहास लिहायचा होता.

"अज्जी, तुमच्या वेळी इथं काय होतं हो?"

"तू झोपतेस ना, तिथं हुलगे होते," अत्ते म्हणाल्या. "तुमचा मोटारींचा तळ आहे तिथं नाचणीचं खळं. आणि तो पोहायचा हौद बांधलाय, तिथं आमची म्हैस बुडाली होती. आता बायका पैसे देऊन बुडतात."

मॅडम खळखळून हसल्या. अत्तेही हसल्या. ते हसू मला भिंतीपलीकडून ऐकावं लागलं.

दहा वर्षं मी या घरात आहे. त्यांच्या गुडघ्यांना एरंडेल मी चोळते, त्यांना हव्या तशा मऊ नाचणीच्या उंड्या मी वळते. पण तळं कुणी खणलं, द्राक्षमळे कसे आले नि कसे गेले, वीटभट्टीवाल्यांनी माती कशी नेली, पहिला प्लॉट कुणी पाडला, हे सगळं त्या मॅडमना सांगायच्या. शेजारची जयम्मा तर नळावर म्हणालीच, "काय गं नेत्रा, सासू टॉवरला दत्तक दिलीस वाटतं?"

"घेऊन जा म्हणावं, एरंडेलाच्या बाटलीसकट," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. मी अर्धीच भरलेली घागर उचलून निघाले.

एकच गोष्ट माझी होती.

थोरल्या लेकीच्या, तनूच्या आधीचं माझं मूल पोटातच गेलं, तेव्हा अत्तेंनी मला हाताला धरून तळ्याकाठच्या पारावर नेलं होतं. पारावर पिंपळ आणि कडुनिंब, एकमेकांत गुंतलेले. "ही मी लावली," त्या म्हणाल्या होत्या. "मूल होत नव्हतं. सासरचे दुसरी आणायला निघाले होते. तळ्यातून घागरी वाहिल्या सहा उन्हाळे. मग या दोघांचं लग्न लावलं, निंबाला हळकुंडाचं मंगळसूत्र बांधलं. पुढच्या वर्षी तुझा नवरा झाला. कुणाला बोलले नाही, नेत्रा. तुझंही होईल." त्या दिवशी त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं.

रस्ता रुंद झाला तेव्हा सोसायटीवाल्यांनी खटपट करून तो पार वाचवला. तिथं माहितीचा दगड बसवायचं ठरलं. अत्ते नेमक्या कोलारला गेल्या होत्या, माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला. मॅडम धापा टाकत आल्या.

"नेत्रा, संध्याकाळपर्यंत पाथरवटाला मजकूर द्यायचाय, अज्जींचा फोन लागत नाही. तेवढं एकच विचारायचं राहिलं बघ. झाडं कुणी लावली?"

मी उकडलेले पावटे सोलत होते. दोन बोटांत दाबला की दाणा सालातून सुळकन निसटायचा. बाईंच्या हातात वही उघडी होती, पेन टेकलेलं. हेही लिहून घेणार. हेही बाराव्या मजल्यावर जाणार.

"पाटलांच्या घरातलं कुणीतरी," मी म्हटलं. "चिक्कगौडा. फार जुनी गोष्ट आहे."

"नक्की?"

"अत्तेच सांगतात."

त्या लिहून घेऊन गेल्या. मी उरलेले पावटे सोलले. खरं सांगते, त्या रात्री मला छान झोप लागली. माझं माझ्याजवळ राहिलं होतं.

अत्ते रविवारी सकाळी परतल्या. दगड बसला म्हणून कळलं, तशी त्यांनी ट्रंकेतली जांभळी रेशमी साडी काढली. "पाराचं नीट लिहिलंय म्हणे," त्या निऱ्या घालत म्हणाल्या. "मी त्या पोरीला झाडांचं सांगणार होते, ते तू सांगितलंच असशील. तू म्हणशील, अत्ते म्हातारपणी मिरवायला लागली. पण दगडावर राहील, नाही का? टॉवरही पडतात कधीतरी."

मी घाईनं म्हटलं, "उद्या जाऊ या, अत्ते. ऊन आहे."

"उन्हात मी घागरी वाहिल्यात," त्या म्हणाल्या आणि तनूचं बोट धरून चालायला लागल्या.

पाराशी मॅडम होत्याच. काळाभोर दगड, पांढरी अक्षरं. अत्तेंना वाचता येत नाही. त्यांनी पदर सावरला आणि तनूला म्हणाल्या, "वाच गं पुट्टी, मोठ्यानं."

तनू दुसरीत आहे, जोडाक्षरांना अडखळते. तिनं बोट ठेवून वाचलं. तळ्याचं, नाचणीचं, द्राक्षांचं. अत्ते मान डोलवत होत्या. मग ती म्हणाली, "हा पिंपळ आणि निंब पाटील चिक्क... चिक्कगौडा यांनी लावला."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"काय चुकलं का, अज्जी?" मॅडम पुढे झाल्या. "तुम्हीच तसं सांगता, असं नेत्रा म्हणाली."

अत्तेंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या शोधत होत्या, मांडीवर डोकं ठेवलेली ती मुलगी कुठं गेली म्हणून.

"नाही गं बाई," त्या मॅडमना म्हणाल्या. "सुरेख झालाय दगड."

मग त्या खाली वाकल्या आणि तनूच्या कानाशी, पण मला ऐकू येईल इतकं, म्हणाल्या, "ही मी लावली होती, पुट्टी. तुझ्या आईलाच तेवढं सांगितलं होतं."

त्या चपला काढून प्रदक्षिणेला गेल्या. तनू दगडाकडे बघत राहिली, मग झाडांकडे, मग माझ्याकडे.

"अम्मा," तिनं विचारलं, "मग तू का नाही सांगितलंस?"