माझी ऊब पुरत नाही

मी एक कोंबडी बोलतेय. माझी मान जरा वाकडी आहे, आणि त्या वाकड्या मानेनेच मला नाव मिळवून दिलं.

फरगाना खोऱ्यातल्या एका गावात, हुरसानोयच्या अंगणात, तंदूरमागच्या खुराड्यात मी जन्मले. पुरती वाढलेही नव्हते तेव्हा मानमोडीची साथ आली. खुराडं रिकामं झालं, मान वाकडी होऊन मी तेवढी उरले. तेव्हापासून हुरसानोय सगळ्यांना सांगायची, "हिच्या अंगातच ताकद आहे. हिच्याखाली उबवलेल्या पिल्लाला आजार शिवत नाही."

मग काय! मी खुडूक झाले की गल्लीभर मागणी. "हुरसानोय आपा, यंदा आमच्याकडे बसवा ना तिला!" टोपलीतून मी घरोघर फिरले. अंडी मात्र कधीच माझी नसत. कुणाच्या पांढऱ्या कोंबडीची, कुणी बाजारातून आणलेली. त्यांच्यात माझी ताकद कुठून उतरणार? पण साथ फिरकली नाही, पिल्लं जगली, आणि नाव माझं झालं.

गेल्या वसंतात साथ आली. शेजारच्या शराफतकडे मी उबवलेल्या पिल्लांच्या माना वळल्या. मी त्यांच्यामधून ठणठणीत फिरत होते, एकेकाला चोचीने हलवून पाहत होते. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

"शराफतनं ओला दाणा घातला असेल," एवढंच हुरसानोय म्हणाली.

आता मी पुन्हा अंड्यांवर आहे, आमच्याच खुराड्यात. काल खालच्या आळीत कोंबड्या शिंकू लागल्या. आज हुरसानोयची सून दिलराबो ओल्या फडक्यात लशीची बाटली गुंडाळून आली.

"डोळ्यात एकेक थेंब, आई. बाटली एकदा उघडली की ठेवता येत नाही. सगळी गल्ली कोंबड्या घेऊन दारात उभी आहे."

"मोठी शहाणी! माझ्या कोंबडीला औषध? लोक हसतील मला."

"हसू देत. शराफतकाकू हसल्या का गेल्या वर्षी?"

हुरसानोयनं दाराकडे पाहिलं. दारात शराफत उभी होती, काखेत एकच कोंबडी धरून.

हुरसानोय वाकली. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, माझी वाकडी मान सरळ धरली. "हिच्यापासून सुरू कर," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."

थेंब गार होता.

मी परत अंड्यांवर येऊन बसलेय, पण जीव थाऱ्यावर नाही. अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येतेय. दिलराबो, तो थेंब माझ्या डोळ्यात पडला, यांच्या नाही. ही पिल्लं बाहेर आली की माझ्या मानेकडे बघून निर्धास्त होऊ नकोस. ऊब मी देईन. नवी बाटली तू आण.